कन्सोल आरपीजी: ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न नौपाड्यापासून खारघरपर्यंतच्या खेळाडूंकडून पुन्हापुन्हा येतात. विचारणाऱ्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. घाई असेल तर निदान प्रश्न ८ आधी वाचा. ऐंशी तास खेळून झाल्यावर तो वाचून काही उपयोग नसतो.

१. आरपीजी म्हणजे नक्की काय? हातात तलवार असली की झाला का आरपीजी?

नाही. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. तलवार इतर गेममध्येही असते. आरपीजीत तुमच्या बोटांच्या चपळाईपेक्षा पात्राच्या आकड्यांवर जास्त भिस्त असते: ताकद, जादू, वेग, लेव्हल, अंगावरची हत्यारं आणि चिलखत. लढाईतून अनुभव मिळतो, अनुभवाने लेव्हल वाढते आणि काल ज्या राक्षसाने लोळवलं तो आज दोन घावांत पडतो.

कन्सोलवरचा हा साचा १९८६ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलवर आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने घालून दिला. पुढच्याच वर्षी 'फायनल फँटसी' आला. त्या पहिल्या जपानी ड्रॅगन क्वेस्टमध्ये सेव्हची सोयच नव्हती. खेळ थांबवताना राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगायचा. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. आता वही गेली, पण धास्ती तीच आहे.

२. टर्न-बेस्ड आणि अ‍ॅक्शन यातलं माझ्यासाठी काय बरं?

टर्न-बेस्ड म्हणजे पत्त्यांचा डाव. तुमची पाळी आली की हवा तितका विचार करा, समोरचा थांबतो. मध्ये दूध उतू जायला लागलं तर उठून गॅस बंद करून या. अ‍ॅक्शन आरपीजीत हे चालत नाही, तिथे वार चुकवणं, अंतर राखणं, वेळ साधणं हे सगळं हातानेच करायचं.

या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे, १९९१ च्या 'फायनल फँटसी ४'पासून चालत आलेला. प्रत्येक पात्राची एक पट्टी भरत जाते, भरली की त्याची पाळी. पण तुम्ही विचार करत बसलात तर शत्रूची पट्टीही भरत राहते. अशा गेमच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' आणि 'वेट' असे दोन पर्याय असतात. नवख्यांनी 'वेट' ठेवावं, म्हणजे जादूची यादी उघडी असताना घड्याळ थांबतं.

दिवसभर ऑफिस आणि वर घोडबंदरचं ट्रॅफिक झेलून रात्री दहाला खेळायला बसणाऱ्यांना आम्ही टर्न-बेस्डच सुचवतो.

३. पहिला गेम कोणता घेऊ?

'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'. गोष्ट सरळ आहे, लढाई शुद्ध टर्न-बेस्ड आहे, आणि पुढे कुठे जायचं हे पात्रांशी बोलून कळतं. आधी डेमो खेळून बघा. या गेमचा डेमो जवळजवळ दहा तासांचा होता आणि त्यातला सेव्ह पूर्ण गेममध्ये चालतो. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'चा डेमो तीन तासांचा, त्यातलाही सेव्ह पुढे नेता येतो. सेव्ह पुढे चालणारा डेमो म्हणजे फुकट मिळालेली संध्याकाळ.

'पर्सोना ५ रॉयल' उत्तम आहे, पण पहिला म्हणून नको. शंभर तासांच्या आसपास जातात आणि त्यात तारखांच्या अटी आहेत (प्रश्न १५). 'एल्डन रिंग'ने सुरुवात करणारे बरेच जण पहिल्या मोठ्या बॉसपाशी (टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूपाशी) महिनाभर अडकतात आणि 'आरपीजी आपलं काम नाही' असं ठरवून टाकतात. तो गेम वाईट नाही, पण पोहायला शिकायचं तर थेट खाडीत उडी मारू नये.

४. इंग्रजी जेमतेम आहे. चालेल का?

चालेल, पण गेम निवडून घ्या. संवादांना आवाज दिलेला असेल आणि बटण दाबेपर्यंत ओळ पडद्यावर थांबत असेल, तर अडचण येत नाही. आपोआप पुढे सरकणारे संवाद सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी बंद करता येतात. अक्षरांचा आकार मोठा करायचा पर्याय आधी शोधा. हॉलमध्ये सोफा टीव्हीपासून आठ-नऊ फुटांवर असला की बारीक अक्षरं इंग्रजी उत्तम असणाऱ्यालाही वाचता येत नाहीत.

५. फक्त आरपीजीसाठी कोणता कन्सोल घ्यावा?

घरी पीएस४ (प्लेस्टेशन ४) पडून असेल तर आधी तोच पुसून बाहेर काढा. 'ड्रॅगन क्वेस्ट ११', 'पर्सोना ५ रॉयल', 'विचर ३', 'फायनल फँटसी १०'ची सुधारित आवृत्ती, 'एल्डन रिंग' हे सगळं त्यावर चालतं. वर्ष-दीड वर्ष नवा कन्सोल लागणार नाही.

नवा घ्यायचा तर पीएस५ ला मोठे जपानी गेम सहसा चुकत नाहीत. शक्यतो डिस्क ड्राइव्हचा घ्या, कारण प्रश्न ६ मध्ये आहे. स्लिम मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. एक्सबॉक्स सिरीज एस ला डिस्क ड्राइव्ह नाही आणि सुरुवातीच्या मॉडेलची साठवण ५१२ जीबीच. मात्र त्यावर सेव्ह क्लाउडवर फुकट जातो, ही मोठी सोय.

स्विच भारतात निन्टेन्डोने अधिकृतपणे आणलेला नाही. दुकानात दिसतो तो बाहेरून आलेला माल, त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. पहिल्या स्विचची कार्ट्रिज कुठल्याही देशाची चालते. इथलं स्टोअर नसल्याने अकाउंट दुसऱ्या देशाचं करावं लागतं आणि पैसे भरायला त्याच देशाचं गिफ्ट कार्ड घेणं सगळ्यात बिनत्रासाचं. स्विच २ घेताना खोक्यावर नीट बघा: जपानमध्ये स्वस्तात विकलं जाणारं मॉडेल फक्त जपानी भाषेत आणि जपानी अकाउंटवरच चालतं. 'सेटिंगमधून इंग्रजी होईल' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

६. डिस्क घेऊ की डिजिटल?

आरपीजी एकदा संपला की बहुतेक जण पुन्हा हात लावत नाहीत. नवा गेम चार-पाच हजारांना घेतला, दोन महिन्यांत संपवला आणि विकला, तर चांगली रक्कम परत येते. डिजिटल विकता येत नाही. त्यामुळे नवे, महाग गेम डिस्कवर आणि जुने गेम स्टोअरच्या सेलमध्ये डिजिटल, असा हिशेब ठेवा.

डिस्कबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते. जुन्या सीडी-डीव्हीडीत ती खूप खोल असायची, म्हणून त्यांना पॉलिश मारता यायचं. ब्लू-रेला टूथपेस्ट, पॉलिश, चरे काढायचं मशीन यातलं काहीही लावू नका. वरचा कठीण थर गेला की डिस्क संपली. बोटांचे ठसे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

७. सेकंडहँड डिस्क घेतली, गेम चालतो, पण विकत घेतलेला डीएलसी (गेमचा जादा भाग) उघडत नाही. का?

रीजन (देशांचा गट) वेगळा आहे. पीएस४ आणि पीएस५ ची डिस्क कुठल्याही देशाची चालते, डीएलसी मात्र डिस्कच्या रीजनचाच लागतो. प्लेस्टेशनचं भारतीय स्टोअर युरोपच्या गटात मोडतं. स्टोअरच्या वेबपत्त्यात गेमचा क्रमांक दिसतो: सुरुवात 'ईपी' असेल तर युरोप, 'जेपी' जपान, 'एचपी' आशिया आणि 'यूपी' म्हणजे अमेरिका, कानपूर नव्हे.

हातातल्या डिस्कसाठी सोपी खूण म्हणजे खोक्यावरचा वयाचा शिक्का. 'पेगी' असेल तर आपल्या स्टोअरचा डीएलसी सहसा चालतो. 'ईएसआरबी' म्हणजे अमेरिकन, 'सेरो' म्हणजे जपानी. या दोन्हींना आपल्या स्टोअरचा डीएलसी चालणार नाही. शिवाय एका रीजनचा सेव्ह दुसऱ्या रीजनच्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही, म्हणून अर्ध्यावर डिस्क बदलायची असेल तर आधी शिक्का बघा.

८. सेव्ह नेमका राहतो कुठे आणि त्याचा बॅकअप कसा घ्यायचा?

आरपीजीत खरी मालमत्ता म्हणजे सेव्ह. गेम परत विकत मिळतो, तास मिळत नाहीत.

पीएस४ च्या गेमचा सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी होतो, पीएस५ वर खेळत असलात तरी. पीएस५ च्या गेमचा सेव्ह पेनड्राइव्हवर जात नाही. त्याची नेहमीची वाट म्हणजे पीएस प्लस या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाचं क्लाउड. सेटिंगमध्ये सेव्ह डेटाच्या भागात जाऊन पीएस५ चं ऑटो-सिंक चालू आहे ना, हे एकदा डोळ्यांनी बघा. प्लस संपलं तरी कन्सोलमधला सेव्ह जात नाही, पण क्लाउडमधला खाली उतरवता येत नाही.

स्विचचा सेव्ह मायक्रोएसडी कार्डवर नसतो, कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतो. मोठं कार्ड घातलं म्हणजे बॅकअप झाला, हा समज चुकीचा. क्लाउडसाठी स्विच ऑनलाइनचं सदस्यत्व लागतं, आणि 'पोकेमॉन स्कार्लेट' व 'व्हायोलेट'सारख्या काही गेमना ती सोयही नाही. कन्सोल गेला तर पोकेमॉनही गेले.

आता क्लाउडची खोच. त्यावर शेवटची प्रत जाते. सेव्ह बिघडला आणि सिंक झाला तर बिघडलेलाच वर जातो. म्हणून गेमच्या आतच तीन स्लॉट ठेवा आणि आळीपाळीने वापरा: १, २, ३, पुन्हा १. शिवाय प्रत्येक मोठ्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक वेगळा सेव्ह, ज्याच्यावर कधीही पुसून लिहायचं नाही. ऑटो-सेव्हवर विसंबू नका. बॉसच्या दारात औषधं संपलेली असताना ऑटो-सेव्ह झाला की मागे फिरायला जागा राहत नाही, आणि वेगळा स्लॉट असेल तरच सुटका होते.

दोन ठिकाणचे सेव्ह जुळत नसतील तर कन्सोल विचारतो की कोणता ठेवू. तिथे घाईत बटण दाबू नका. तारीख आणि वेळ वाचा. सगळ्यात जास्त सेव्ह याच पडद्यावर मरतात.

९. पीएस४ वरचा गेम पीएस५ वर पुढे चालू ठेवता येईल का?

पीएस४ चीच आवृत्ती पीएस५ वर टाकली तर सेव्ह सरळ चालतो. प्रश्न येतो तो पीएस५ ची वेगळी आवृत्ती असते तेव्हा, आणि त्याला एक नियम नाही.

'विचर ३' पीएस४ वर असेल तर पीएस५ ची आवृत्ती फुकट मिळते (डिसेंबर २०२२ पासून) आणि सेव्ह नेता येतो. 'एल्डन रिंग'मध्येही नेता येतो, पण एकाच दिशेने: पीएस४ वरून पीएस५ वर, परत नाही. तसं तर पीएस५ वर 'एल्डन रिंग'ची पीएस४ आवृत्तीच जास्त सफाईदार चालते, चित्र जरा साधं दिसतं इतकंच. 'पर्सोना ५ रॉयल'ला मात्र काहीच नाही: पीएस५ आवृत्ती वेगळी विकत घ्यायची आणि पहिल्या दिवसापासून खेळायची. 'ड्रॅगन क्वेस्ट ११' आणि त्याची 'एस' आवृत्ती हेही दोन वेगळे गेम धरा, सेव्ह इकडचा तिकडे जात नाही.

१०. खेळताना लाइट जाते. सेव्ह उडेल का? यूपीएस किती मोठा लागेल?

लाइट गेली म्हणजे सेव्ह उडतोच असं नाही. धोका फक्त सेव्ह लिहिला जात असताना असतो, म्हणजे कोपऱ्यातलं चिन्ह फिरत असतं ते दोन-चार सेकंद. रेस्ट मोडमध्ये ठेवलेला गेम लाइट गेल्यावर बंद होतो आणि शेवटच्या सेव्हनंतरचं खेळणं वाया जातं. पावसाळ्यात रेस्ट मोडवर भरवसा नको. सेव्ह करा, मग झोपा.

यूपीएसचा हिशेब असा: पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट, ४३ इंची टीव्ही ८० ते १००, राउटर १० ते १५. झाले ३०० च्या आसपास. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीए चा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतो. चालतो, पण काठावर, आणि बॅटरी वर्षभर जुनी झाली की लोड येताच बसतो. १००० व्हीए घ्या. तासभर खेळायला तो नाही, सेव्ह करून कन्सोल नीट बंद करायला मिळणारी पाच-दहा मिनिटं पुरतात.

परत चालू केल्यावर कन्सोल अडखळत असेल तर सेफ मोड: पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, पहिला बीप लगेच येईल, दुसरा सुमारे सात सेकंदांनी, तेव्हा सोडा. कंट्रोलर वायरने जोडा आणि कॅश साफ करून डेटाबेस पुन्हा बांधायचा पर्याय निवडा. यात सेव्ह जात नाहीत. त्याच यादीत कन्सोल रीसेट करायचाही पर्याय आहे, त्यात जातात. वाचून दाबा.

११. पावसाळ्यात कन्सोलची काय काळजी घ्यायची?

कडकडाट सुरू झाला की फक्त प्लग काढून भागत नाही, एचडीएमआयची वायरही काढा. वीज बऱ्याचदा केबलच्या किंवा डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये शिरते. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जळालेल्या एचडीएमआय पोर्टची हीच कहाणी असते.

नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला किंवा ठाण्यात खाडीकडे घर असेल तर दमट, खारी हवा पोर्टना खाते. आठवड्यातून दोनदा तरी कन्सोल तासभर चालवा, आतल्या उष्णतेने तो कोरडा राहतो. डिस्कच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर बुरशीचे ठिपके येतात. आणि झुरळं. पॉवर सप्लायच्या ऊबेला ती येतात आणि आत मेली की शॉर्ट होतो. कन्सोल किचनच्या भिंतीला लागून ठेवू नका.

उन्हाळ्याचं म्हणाल तर पीएस५ ची कामाची मर्यादा ३५ अंश आहे. मे महिन्यात दुपारी ठाण्यात पारा सहज त्याच्या वर जातो. बंद काचेच्या टीव्ही युनिटमध्ये तर विचारूच नका. आणि पीएस५ च्या चिपवर साधी पेस्ट नसून लिक्विड मेटल असतो. गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला 'जरा पेस्ट बदलून दे' म्हणून तो उघडायला देऊ नका.

१२. एवढे मोठे गेम डाउनलोड कधी होणार आणि ठेवायचे कुठे?

१०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर पूर्ण वेग मिळाला तर सव्वादोन तासांत, ३० एमबीपीएसवर साडेसात तासांत उतरतो. प्रत्यक्षात राउटर बेडरूममध्ये आणि कन्सोल हॉलमध्ये असतो, म्हणून दीडपट धरा. लॅनची वायर टाकली तर फरक लगेच दिसतो.

पीएस५ मध्ये एम.२ एसएसडी बसते: चौथ्या पिढीची एनव्हीएमई, वाचनवेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, हीटसिंकसह, एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. जाड हीटसिंक घेऊन झाकण न बसणं ही नेहमीची चूक. बसवण्याआधी सिस्टिम अपडेट करून घ्या. साधी यूएसबी हार्डडिस्क लावली तर त्यावरून पीएस४ चे गेम खेळता येतात. पीएस५ चे फक्त ठेवता येतात, खेळायला आत आणावे लागतात.

१३. बॉस हरत नाही. अजून किती लेव्हल वाढवू?

लेव्हल हा शेवटचा उपाय. आधी हे बघा: हत्यार मागच्या गावातलंच आहे का? बॉसला आग, बर्फ, वीज यातलं काय लागतं? तो विष देतो की झोपवतो, आणि ते अडवणारी अंगठी पिशवीत पडून आहे का? स्वतःची ताकद वाढवणाऱ्या आणि त्याची कमी करणाऱ्या जादू वापरताय का? दहापैकी आठ वेळा या शेवटच्या प्रश्नावर गाडी अडलेली असते. लोक मारत सुटतात, दोन पाळ्या तयारीत घालवायला त्यांना जिवावर येतं.

काही ठिकाणी लेव्हल वाढवणं उलटं पडतं. 'फायनल फँटसी ८'मध्ये शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात. तिथे जादूचा साठा करून ती आपल्या आकड्यांना जोडणं महत्त्वाचं. नुसते राक्षस मारत फिरलात तर गेम अवघड होत जातो. 'एल्डन रिंग'मध्ये आधी हत्यार सुधारा आणि व्हिगर (जीव वाढवणारा आकडा) ४० पर्यंत न्या. त्याच्या पुढे वाढीचा फायदा कमी होतो, ६० नंतर तर फारच.

फायनल फँटसीच्या बऱ्याच भागांत भुताखेतांवर औषध टाकलं तर त्यांना इजा होते. 'फायनल फँटसी ६'मधली भुताची आगगाडी मेलेल्याला उठवणाऱ्या एका फिनिक्स डाउनने खलास होते. 'पर्सोना ५ रॉयल'मध्ये तर सगळ्यात कठीण 'मर्सिलेस' पातळीवर कमजोरीवरचा घाव तिप्पट बसतो, तुमचाही आणि त्यांचाही. म्हणून मर्म ओळखणाऱ्याला तो 'हार्ड'पेक्षा सोपा जातो.

१४. 'मिसेबल' म्हणजे काय? गाइड न बघता सगळं मिळेल का?

ठरावीक वेळेत केलं नाही तर कायमचं हुकतं ते मिसेबल. सगळं हवंच असेल तर गाइड बघावंच लागतं, कारण काही अटी माणसाला सुचण्यासारख्या नाहीतच.

२००६ च्या मूळ 'फायनल फँटसी १२'मध्ये चार ठरावीक पेट्या न उघडणाऱ्यालाच झोडिअॅक स्पिअर हा भाला सरळ मार्गाने मिळायचा. पेटी दिसली की उघडायची, हे ज्या प्रकारच्या गेमने शिकवलं त्यानेच ही थट्टा केली. पुढे 'झोडिअॅक एज'मध्ये ही अट काढली. 'फायनल फँटसी ९'मधली एक्सकॅलिबर २ ही तलवार शेवटच्या ठिकाणी बारा तासांच्या आत पोचलात तरच मिळते; पहिल्या खेपेला तिचा नाद सोडा. 'फायनल फँटसी ६'मध्ये तरंगत्या खंडावर घड्याळ उलटं धावत असताना शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत शॅडो या साथीदाराची वाट बघायची. आधी उडी मारलीत तर तो कायमचा जातो. घाबरवणारं घड्याळ लावून थांबायला लावणारा असा प्रसंग दुसरा सापडणं कठीण.

'फायनल फँटसी १०'च्या सुधारित आवृत्तीत बेसेडच्या देवळातला खजिना पहिल्याच फेरीत घ्या. विमान मिळाल्यावर परत गेलात तर गावाच्या वाटेवर डार्क व्हॅलेफोर हा तगडा शत्रू उभा असतो आणि त्याला हरवल्याशिवाय आत जाता येत नाही.

गाइडमध्ये गोष्ट फुटू द्यायची नसेल तर फक्त मिसेबलची यादी शोधा. आणि 'आता मागे येता येणार नाही' असं गेमने विचारलं की वेगळ्या स्लॉटवर सेव्ह (प्रश्न ८).

१५. 'पर्सोना ५ रॉयल' संपला, पण मित्र म्हणतो तिसरं सत्र आहे. मला का नाही दिसलं?

तारखा हुकल्या. शाळेतला समुपदेशक मारुकी १८ नोव्हेंबरपर्यंत मैत्रीच्या रँक ९ ला पोचला पाहिजे. नाहीतर तिसरं सत्र उघडतच नाही. अकेची २४ नोव्हेंबरपर्यंत रँक ८, कासुमी १८ डिसेंबरपर्यंत रँक ५; हे दोघं राहिले तर सत्र उघडतं, पण गोष्टीचे महत्त्वाचे धागे तुटतात. तारखा गेमच्या कॅलेंडरमधल्या आहेत. मारुकी मोकळा दिसला की बाकीच्या मैत्र्या बाजूला ठेवा, त्या थांबतात.

ऑक्टोबरचा जुना सेव्ह असेल तर तिथून परत जा. नसेल तर न्यू गेम प्लस: तुमचे स्वभावगुण आणि पैसे बरोबर येतात, त्यामुळे दुसरी फेरी बरीच लवकर उरकते.

१६. पॅरी कधीच बसत नाही. 'एक्सपिडिशन ३३' टर्न-बेस्ड आहे ना?

आहे, पण शत्रूच्या पाळीत तुम्हाला वार चुकवायचा (डॉज) किंवा परतवायचा (पॅरी) असतो. आधी टीव्हीचा गेम मोड लावा. चित्र सुधारणाऱ्या सगळ्या करामती चालू असल्या की पडदा मागे पडतो आणि तुमचं बटण नेहमी उशिरा ठरतं. मग पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत फक्त डॉज करा. त्याची मुभा पॅरीपेक्षा मोठी आहे. डॉज अगदी अचूक बसायला लागला की त्याच क्षणी पॅरी. हत्याराच्या हालचालीपेक्षा आवाजावर लक्ष ठेवा.

१७. संध्याकाळी टीव्ही मालिकांसाठी जातो. मी कुठे खेळू?

पीएस५ चं रिमोट प्ले फुकट आहे. कन्सोल लॅनने राउटरला जोडा, फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा, कंट्रोलर ब्लूटूथने फोनला. टर्न-बेस्ड गेमला हे मजेत चालतं. पॅरीवाल्या गेमला नाही.

लोकलमध्ये स्विच नेणाऱ्यांसाठी: ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरच्या साधारण अर्ध्या तासात दोन-तीन लढाया आणि एक सेव्ह होतो. कोपरखैरणे गेलं की नवी गुहा सुरू करू नका.

आणि 'एल्डन रिंग'मध्ये पॉज नाही म्हणणाऱ्यांसाठी: सामानाच्या पडद्यावर मदतीचं बटण दाबून मेन्यूचं स्पष्टीकरण उघडा, गेम थांबतो. दाराची बेल वाजली की आठवेल.

१८. परीक्षेमुळे तीन महिने गेम बंद होता. आता काहीच आठवत नाही. नव्याने सुरू करू का?

नको. जवळच्या सोप्या भागात जा, दहा-बारा लढाया खेळा, बोटांना आठवतं. मग क्वेस्टची यादी वाचा आणि मुख्य सोडून बाकी सगळं तासभर विसरा. पुढच्या वेळी थांबताना फोनमध्ये तीन ओळी लिहून ठेवा: कुठे आहे, कुठे जायचंय, कोणाचं काय राहिलंय.

१९. सेकंडहँड घेताना काय तपासू?

डिस्क स्टेशनवर भेटून घेतली तरी चालेल, कन्सोल मात्र विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चालू करून. डिस्क घालून-काढून बघा, एचडीएमआय पोर्टमध्ये टॉर्च मारा, अर्धा तास जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका, कंट्रोलरची काठी सोडल्यावर पात्र आपोआप सरकतं का ते पाहा. मग विकणाऱ्याने आपल्या अकाउंटमधून कन्सोल शेअरिंग बंद करून, तुमच्यासमोर पूर्ण रीसेट मारायचा. पैसे त्यानंतर.

पीएस४ च्या 'फायनल फँटसी ७ रीमेक'ला आणि पीएस५ च्या 'रीबर्थ'ला दोन-दोन डिस्क आहेत, एक डेटाची आणि एक खेळायची. खोकं उघडून दोन्ही मोजा. एकच घेऊन घरी आलेले लोक आम्हाला दर महिन्याला लिहितात.

२०. कोणीतरी पाचशे रुपयांत नव्या गेमचं अकाउंट देतोय. घेऊ का?

नको. नियमात बसत नाहीच, शिवाय विकणाऱ्याने पासवर्ड बदलला की गेम कुलूपबंद. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या अकाउंटमध्ये शिरून खेळलात तर सेव्हही त्याच्याच नावावर पडतो. उद्या तुम्ही खरा गेम विकत घेतला तरी तो सेव्ह तुमच्या अकाउंटवर येत नाही. जेलब्रेक केलेल्या (कंपनीचं कुलूप तोडलेल्या) पीएस४ चंही तेच: ऑनलाइन जाता येत नाही, म्हणून क्लाउड नाही, नवे अपडेट नाहीत.

घरातल्या घरात वाटून घ्यायचं असेल तर सरळ मार्ग आहे. सेटिंगमध्ये वापरकर्ते आणि अकाउंटच्या भागात 'अदर' खाली कन्सोल शेअरिंग चालू ठेवा. तुमचे गेम त्या कन्सोलवर ताई, दादा, बाबा सगळ्यांना आपापल्या नावाने खेळता येतात आणि प्रत्येकाचा सेव्ह वेगळा राहतो. धाकट्याने तुमच्या स्लॉटवर नवा गेम सुरू करून ठेवला, ही तक्रार येते ती बहुतेक वेळा घरात एकच यूजर असल्यामुळे. दुसरा यूजर बनवायला दोन मिनिटं लागतात, आजच बनवा.